लंगडा ठेका

आमच्या घरमालकांना सगळी भिवंडी 'लंडनवाले' म्हणायची, आणि त्या माणसाने लंडन पाहिलेलं नव्हतं. विमान उतरलं तेव्हा बाहेर धुकं होतं. न्यायला आलेल्या गाववाल्याने त्यांना थेट बसमध्ये बसवलं आणि उत्तरेकडच्या एका गिरणगावात नेऊन उतरवलं. तिथे ते अकरा वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, बसवत आणि दुरुस्त करत राहिले. परत येतानाही तसंच. "लंडन बाजूनं गेलं, मी झोपलेला होतो," असं ते स्वतःच सांगायचे. पण गावाने एकदा बारसं केलं की माणसाच्या हातात काही राहत नाही.

मी त्यांना चाचा म्हणायचो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी वाडा गावाहून इथल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. खाली त्यांचे स्वतःचे सहा लूम होते. टेबलावर ठेवलेली कपबशी आपण होऊन कडेकडे सरकायची. पहिल्याच आठवड्यात मी तक्रार घेऊन खाली गेलो.

"चाचा, या आवाजाने डोकं उठतं हो."

"कुठला आवाज?"

मी लुमांकडे बोट दाखवलं. त्यांनी खरोखर कान दिला, मान हलवली आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. "तो आवाज न्हाय मास्तर, ती शांतता हाय. आवाज म्हंजे बिघाड."

लूम दुरुस्त करणाऱ्या माणसाला भिवंडीत जॉबर म्हणतात, आणि चाचांसारखा जॉबर पंचक्रोशीत नव्हता. हातात लांब स्क्रू-ड्रायव्हर असायचा. त्याचं टोक चालत्या लुमाच्या अंगाला लावायचं, मूठ स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले. मिनिटभराने डोळे उघडून ते कुठला तरी एक नट जरासा फिरवायचे आणि लूम सुतासारखा सरळ चालायला लागायचा. पोटापाण्याचा प्रश्न नव्हता, घरचे सहा लूम भरपूर होते. पण कुणी हाक मारली नाही तर त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. आणि हाक आली तरी जायचं नाही, कारण ताटावरून उठायचे. "समोरच्या शेडमधला तिसरा लूम दम खातोय," म्हणत अर्धी भाकरी टाकून निघायचे. चाची मागून ओरडायची, "अवो, जेवताना तरी कान घरात ठेवत जा!"

ही खोड फक्त लुमांपुरती नव्हती. आमचे हेडमास्तर एकदा मला भेटायला आले, तर त्यांना 'बसा' म्हणायच्या आधी चाचांनी त्यांच्या स्कूटरचं निदान सांगितलं. मला चाचा म्हणाले होते, "तुझा डावा पाय उशिरा पडतो. बचपन में गिरा था क्या?" मी खरंच पडलो होतो, बैलगाडीतून, अंबाडी गावच्या बाजारात.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. नमाज झाली की चाचा विलायतेहून आणलेला जाड लोकरीचा कोट अंगात चढवायचे आणि घामाच्या धारा पुसत टेपरेकॉर्डरसमोर बसायचे. कोट कशाला, तर म्हणे, "हे गानं थंडीत ऐकायचं हाय. गरमीत पटत न्हाय." कॅसेट एकच. त्यात त्यांच्या लेखी गाणं एकच. आणि त्या गाण्यातलाही सुरुवातीचा तुकडाच तेवढा. चौघांचा एक इंग्रज बँड होता, जगभर गाजलेला. गाणं ढोलाने सुरू व्हायचं: तीन ठोके सरळ, चौथा किंचित उशिरा, जणू एखादा माणूस लंगडत जिना चढतोय. मग गिटार यायची. आणि गायकाने तोंड उघडलं रे उघडलं की चाचा बटण दाबून कॅसेट मागे फिरवायचे. पुन्हा तीन ठोके, आणि एक उशिरा. मी सहा महिने त्या घरात राहिलो तरी गायकाचा पहिला शब्दसुद्धा मला पुरता ऐकायला मिळाला नव्हता.

शेवटी मी विचारलंच. चाचांनी कोटाची बटणं काढली, म्हणजे गोष्ट लांबणार होती.

त्या गिरणीत त्यांच्या खात्यात एक लाल केसांचा तरुण विणकर होता. त्याचं खरं नाव चाचांनी कधी उच्चारलं नाही, ते त्याला लाल्या म्हणायचे. गोरे कामगार आपल्या लोकांपासून चार हात लांब बसून जेवत. हा चाचांच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी खायचा, नाकाडोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा हात पुढे करायचा. लाल्याचा एक लूम चाचांनी बसवला आणि तो चुकला. एक बोल्ट पाव फेरा कमी आवळला गेला. कापड नीट निघत होतं, पण दर चौथा ठोका उशिरा पडायचा. दुसऱ्या दिवशी चाचा पाना घेऊन गेले, तर लाल्याने हात धरला. राहू दे, मला आवडतो, म्हणाला. दिवसभर तो डब्याच्या झाकणावर बोटांनी तेच वाजवत राहायचा. पुढे त्याने गिरणी सोडली, कुठल्याशा बँडमध्ये ढोल वाजवायला. काही वर्षांनी चाचा एका दुकानात दाढीचं ब्लेड घेत उभे असताना रेडिओवर त्यांचा बिघडलेला लूम वाजला.

"म्हणजे चाचा, जगातलं एवढं मोठं गाणं तुमच्यामुळे?" मी चेष्टेच्या सुरात म्हणालो.

त्यांना चेष्टा कळली नाही. त्यांचा चेहरा ओशाळा झाला होता. "हजार लूम बसवले असतील मास्तर. चांगले बसले ते कुनाच्या कानावर पडले न्हाय. एक चुकला, तो सगळ्या दुनियेनं ऐकला. कारीगर माणसाची याहून बेइज्जती काय?"

मला यातलं अक्षरही खरं वाटलं नाही, हे आजच सांगून टाकतो. विलायतेहून परतलेल्या माणसाच्या पोतडीत अशी एखादी गोष्ट असायचीच. काल्हेरच्या एका गृहस्थाने तर राणीला वाट दाखवली होती. त्यात ठाण्याला रद्दीच्या दुकानात मला एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात त्याच गाण्याची जन्मकथा होती. ढोलवाला सांगत होता, हा ठेका मला माझ्या लंगड्या आजोबांच्या चालण्यावरून सुचला. मी मोठ्या उत्साहाने ते चाचांना वाचून दाखवलं.

"आजा लंगडा?" चाचा उसळले. "त्याचा आजा सत्तरीत सायकल मारत यायचा गिरनीच्या गेटपर्यंत! मी पाह्यलाय!" मग जरा शांत होऊन म्हणाले, "बरं सांगितलं पोरानं. माझी चूक झाकली."

त्या दिवशी मी हट्टाने पूर्ण गाणं ऐकलं आणि इंग्रजीचा मास्तर या नात्याने चाचांना अर्थ सांगितला. गाणं प्रसिद्धीबद्दल होतं. एक माणूस फार मोठा होतो आणि खूप वर्षांनी आपल्या जुन्या गल्लीत येतो. लहानपणापासून त्याचे केस कापणारा न्हावी आता कात्री धरायला घाबरतो. पाववाली त्याला पाव देते, पण शेजारणीच्या चहाड्या सांगत नाही. कोपऱ्यावरच्या बाकाकडे तो जातो, तर बसलेले सगळे उठून उभे राहतात. सरकून जागा कुणीच देत नाही. बस्स, एवढंच गाणं.

"यात रडायचं काय?" चाचा म्हणाले. "लोक उठून उभे राहतात ती इज्जत हाय." आणि त्यांनी कॅसेट मागे फिरवली.

यानंतरचा उद्योग माझा. गावात एक चार पानी साप्ताहिक निघायचं. त्याच्या संपादकांना तिसऱ्या पानावर जागा भरायची होती, आणि मला आपलं नाव छापून आलेलं पाहायची हौस होती. मी चाचांची गोष्ट लिहिली. त्यांना विचारलं नाही. वर आणखी शहाणपणा केला: चुकीचा भाग गाळला. वाचकाला असं वाटावं की चाचांनी लुमावर बसून हा ठेका रचला आणि लाल्याच्या ओंजळीत टाकला. मथळा दिला, 'जगाला डोलवणारा भिवंडीचा ठेका'. स्वतःला विश्वास नसलेली गोष्ट मी अशी झोकात खरी म्हणून छापली. खोटं सुबक असलं की लिहिणाऱ्याला ते खोटं वाटत नाही.

अंक घेऊन मी खाली गेलो. चाचांना मराठी वाचन अवघड जायचं, मीच वाचून दाखवलं. ते बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले.

"आन् चूक कुठं हाय यात?"

"चूक कशाला लिहायची चाचा? लोकांना अभिमान वाटायला पाहिजे."

"मग हे माझं न्हाय. दुसऱ्या कुनाचं तरी हाय."

पण तोवर अंक घरोघरी गेला होता. एका मंडळाने सत्कार ठरवला. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि निवेदकाने 'सातासमुद्रापार' हा शब्द मी मोजलं तेवढ्यात पाच वेळा वापरला. चाचांना बोलायला उभं केलं. त्यांनी माईकला एकदा टिचकी मारली, त्याचं निदान केलं असावं, आणि म्हणाले, "भाईलोग, ती चूक होती. माझ्याकडून बोल्ट ढिला राह्यला." सभागृहात टाळ्यांचा पाऊस पडला. माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "केवढा विनय! मोठी माणसं अशीच असतात."

चाचा पुन्हा सांगू लागले, "विनय न्हाय, खरंच..." टाळ्या आणखी वाढल्या. खाली बसताना त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलेलो नाही.

पहिला महिना गमतीत गेला. येणारे-जाणारे बोट दाखवत, वज्रेश्वरीला जाणारी माणसं वाट वाकडी करून चाचांना बघायला येत. मग माझ्या लक्षात आलं की चाचा जेवण पुरं करताहेत. ताटावरून कुणी उठवत नव्हतं. चाचीला आधी बरं वाटलं, नंतर तीही ताट वाढताना खिडकीकडे बघू लागली.

समोरच्या शेडचे मालक एक आगरी शेठ होते. चाचांशी वीस वर्षांची अरे-तुरेची दोस्ती. त्यांचा तिसरा लूम दोन दिवस खडखडत होता आणि चाचा खिडकीत उभे राहून दात दुखावा तसा चेहरा करत होते. मी शेठना गाठलं.

"शेठ, चाचांना बोलवत का नाही?"

"त्यांना?" शेठ कानकोंडे झाले. "मास्तर, मानूस पेपरात आला, शाल मिलाली. आता काय लुमाखाली आडवा करू त्याला तेलात? बरा दिसतंय का? दुसरा जॉबर बोलावलाय मी."

"पण तो बिघडवतोय."

"बिघडवू दे. पन चाचाला आता न्हाय सांगवत."

प्रत्येक जण असाच. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच वाईट होतं. वाईट असतं तर भांडता आलं असतं. नाक्यावरच्या चहाच्या टपरीपुढे एक बाक होता. तिथे बिहारकडचे, उत्तर प्रदेशचे कामगार आणि चाचा खेटून बसायचे, एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत. एका संध्याकाळी मी चाचांबरोबर तिकडे गेलो, तर सगळे ताडकन उठले. "आइए उस्ताद, बैठिए." रिकाम्या बाकावर चाचा एकटे बसले. दोन्ही बाजूंना जागा होती. कुणी बसेना. चहा आला तोही नव्या कपातून. चाचांनी दोन घोट घेतले आणि कप ठेवून दिला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "कॅसेट लाव. म्होरलं ऐकू दे." कोट न घालता, शुक्रवार नसताना, त्यांनी पहिल्यांदाच गाणं आपण होऊन शेवटपर्यंत ऐकलं. इंग्रजी त्यांना माझ्याएवढंच कळायचं, कदाचित जास्त. अकरा वर्षं ऐकलेली भाषा ती. गाणं संपल्यावर म्हणाले, "लाल्याला कोन बाकावर जागा देत नसंल, न्हाय?"

पुढच्या शुक्रवारी दुपारी त्यांनी मला खाली हाक मारली. शेड बंद होती. सहा लूम कापडाखाली झाकल्यासारखे मुके. चाचा एका लुमाखाली आडवे झाले आणि पान्याने एक बोल्ट हळूच सैल केला. आयुष्यभर त्यांनी उलटं काम केलं होतं. मग बटण दाबलं.

तीन ठोके सरळ आले. चौथा उशिरा आला. पुन्हा तीन. पुन्हा एक उशिरा. कॅसेटवरचा तोच, तंतोतंत, नुसता लाकडाचा आणि लोखंडाचा. कुठल्या लंगड्या आजोबाचं हे चालणं असणं शक्य नव्हतं.

"चूक कशी झाली ते तू कधी विचारलं न्हाय," चाचा त्या आवाजावरून ओरडून म्हणाले. "त्या सकाळी घरून कागद आलेला. अब्बा गेल्याचा. वीस दिवस जुना कागद. इथं सगळं आटपून गेलेलं, आन् मी तिथं बोल्ट आवळतोय. नजरेला दिसंना. मी कुनाला बोललो न्हाय. लाल्याला फकत दिसलं. म्हनून त्यानं ते दुरुस्त करू दिलं न्हाय."

त्यांनी लूम बंद केला, बोल्ट पुन्हा पुरता आवळला, आणि फडक्याने तो लूम पुसून काढला, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. "पुन्हा न्हाय," म्हणाले.

मी लाजेने काळवंडलो. या माणसाच्या बापाच्या मरणातून निसटलेला एक ठोका होता तो, आणि मी त्यातली चूक गाळून त्याचा मथळा केला होता. वर त्यांच्या हातातला पाना काढून शाल दिली होती.

"चाचा, मी छापतो की ते सगळं खोटं होतं," मी म्हणालो.

"कुनाचं खोटं? माझं का तुझं?"

"माझं. मी रचलं म्हणून लिहितो. तुमच्या गप्पांवरून मास्तरने इमला बांधला."

ते विचारात पडले. "शाळेत बोलतील तुला."

"बोलू देत."

"आन् मग ही गोष्ट मला पुन्हा कुनाला सांगता येनार न्हाय."

याचा मी विचार केला नव्हता. चाचांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. समोरच्या शेडमध्ये कुणी लूम चालवत नव्हतं, तरी त्यांची नजर तिकडेच होती. शेवटी म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. संपादकांनी ते मोठ्या आनंदाने पहिल्या पानावर घेतलं. खऱ्यापेक्षा उघडं पडलेलं खोटं जास्त खपतं. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून विद्यार्थ्यांपुढच्या आदर्शांवर अर्धा तास झाडलं. नववीच्या वर्गात फळ्यावर 'थापाडे सर' असं सुरेख अक्षरात लिहिलेलं सापडलं. सत्कार करणाऱ्या मंडळाचा एक जण शाल परत मागायला आला, तर चाचीने ती इस्त्री करून दिली.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी गल्लीतून शेठचा आवाज आला, जुना, गडगडाटी. "ए लंडनवाल्या! थापा मारून झाल्या असतील तं खाली ये! तिसरा लूम मेलाय, तुझ्या त्या दुसऱ्या जॉबरनी पार वाट लावली!"

"माझा जॉबर? तूच आनलास ना त्याला, गाढवा!" चाचा खिडकीतून ओरडले. ताटात भाकरी होती. चाचीने ताट उचलून फळीवर झाकून ठेवलं, आणि पदराने डोळे टिपले.

त्या दिवशी त्यांना एकामागून एक तीन हाका आल्या. संध्याकाळी मी नाक्यावरून येत होतो तेव्हा चाचा बाकावर चेंगरून बसले होते. एक कामगार त्यांना कोपराने ढकलत होता, "सरको ना चाचा, फेंकू कहीं के," आणि चाचा सरकत होते. इतकं सुखी तोंड मी क्वचित पाहिलंय.

अंधार पडायच्या सुमारास ते माझ्या खोलीत आले. कोपरापर्यंत काळे होते. खुर्ची खराब होईल म्हणून उंबऱ्यावरच टेकले.

"मास्तर, एक विचारू? पहिल्यांदा छापलंस तेव्हा तुला खरं वाटलेलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तोपर्यंत माझा हात त्यात चांगला बसला होता. "नाही चाचा."

"आन् आता?"

"आता वाटतं. शंभर टक्के."

ते हिशेब लागल्यासारखे हसले. "म्हंजे खरं वाटत नव्हतं तेव्हा खरं म्हनून छापलंस, आन् खरं वाटाया लागलं तेव्हा खोटं म्हनून. तुझाबी ठोका उशिराच पडतो की रे."

मला हसायला आलं. मी म्हणालो, "चाचा, मला माफ करा. तुमची गोष्ट मी घालवली."

"कुठं घालवलीस?" ते भिंतीला हात न लावता, गुडघ्यावर जोर देऊन उठले. "एकाला तिथं म्हायती हाय, एकाला हितं. दोन झाले. दोन माणसं बाकावर आरामात बसतात."

खालून कुणीतरी त्यांना हाक मारली, नुसत्या शिवीने. चाचा आलो आलो करत जिना उतरून गेले.